ओरत्तनाडूचा आसूड

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी बहुधा तीन ठिकाणे पाहून परत फिरतो: बृहदीश्वराचे मंदिर, भोसल्यांचा राजवाडा आणि त्यातील सरस्वती महाल ग्रंथालय. त्याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास वाचीत उभे राहिले म्हणजे आपण महाराष्ट्रापासून इतके दूर आहोत याचा विसर पडतो, आणि ग्रंथालयातील मोडी कागदांचे गठ्ठे पाहिल्यावर तर दिवस कसा मावळला ते कळत नाही. परंतु वाचकहो, तुमच्याजवळ एखादा दिवस शिल्लक असेल तर तो ओरत्तनाडूसाठी राखून ठेवा. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वीस-पंचवीस किलोमीटरांवर हे गाव आहे. मी तेथे गेले ती मात्र इतिहास पाहण्यासाठी नव्हे. मला एक आसूड विकत घ्यावयाचा होता.

आसूड घेण्यासाठी कोणी एवढ्या लांब जाते काय, असे तुम्ही विचाराल. कार्यालयाच्या कामानिमित्त तंजावरला माझा आठवडाभर मुक्काम होता. ज्यांच्या घरी मी उतरले होते ते गृहस्थ तेथील जुन्या मराठी कुटुंबापैकी. त्यांचे मराठी शब्द आपल्या आजोबा-पणजोबांचे आणि हेल मात्र शुद्ध तमिळ. पहिला दिवस मला ते कळावयास अवघड गेले, दुसऱ्या दिवसापासून गोड वाटू लागले. घरातील सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. दिवस पौषातले होते. माट्टु पोंगल, म्हणजे तिकडचा बैलपोळा, आठवड्यावर आला होता आणि बाजारात बैलांच्या नव्या वेसणी, घुंगुरमाळा, शिंगांचे रंग यांचे ढीग लागले होते. त्या ढिगात वेताच्या काठीला बांधलेले चाबूकही होते. मी एक उचलून पाहिला. वादी मधोमध जोडलेली, गाठ खरखरीत, वास रसायनाचा. मामा म्हणाले, "हे नको. चांगला हवा असेल तर ओरत्तनाडूच्या पलीकडे एक म्हातारा आहे, तो करतो. शर्यतीचे लोक त्याच्याकडेच जातात."

घ्यावयाचा होता माझ्या वडिलांसाठी. ते माणदेशात असतात. सत्तरी ओलांडली आहे. घरची शेवटची खिलार जोडी २०१३ च्या दुष्काळात विकावी लागली; चारा छावणीत दोन महिने काढूनही ती राखता आली नाही. तिच्या मागे घरात राहिला तो फक्त आसूड. तो माळवदाखालच्या खुंटीला लटकत असे. गेल्या पावसाळ्यात त्याची वादी उंदरांनी कुरतडली आणि वडिलांनी नुसती दांडी परत त्याच खुंटीला अडकविली. याबद्दल ते कोणाजवळ एक शब्दही बोलले नाहीत. आईने मला फोनवर सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सांबा हंगामातील भात पिवळे पडू लागले होते. हा सारा मुलूख कावेरीच्या पाण्यावर जगतो हे खरे, पण जुन्या कालव्यांचे पाणी या बाजूस पोचत नसे. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले आणि त्याच योजनेत कल्लणै बंधाऱ्यापासून एक नवा कालवा काढण्यात आला, तेव्हा ओरत्तनाडु-पट्टुकोट्टैची कोरडवाहू जमीन भिजू लागली. लोक अजून त्याला पुदु आरु, म्हणजे नवी नदी, असेच म्हणतात. नारळाच्या बागांतून मधूनच मोकळी मैदाने दिसत होती. २०१८ च्या नोव्हेंबरात आलेल्या गज चक्रीवादळाने या भागातील नारळ उन्मळून टाकले, त्याचे ते व्रण होते. नव्याने लावलेली रोपे आता कोठे माणसाच्या डोक्यावर गेली आहेत.

गावात उतरल्यावर मामांनी मला प्रथम मुक्तांबाळ छत्र दाखविले. माझा आसूड थोडा वेळ थांबू शकत होता, आणि खरे सांगावयाचे तर ते छत्र पाहून मी काही वेळ त्याला विसरलेही.

१७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर असलेले दुसरे सरफोजी महाराज मराठी वाचकांना ग्रंथसंग्राहक म्हणून ठाऊक आहेत. मुक्तांबा ही त्यांच्या तरुणपणीची प्रिय सहचरी. ती अकाली वारली. आपल्या नावाने एक अन्नछत्र बांधावे एवढेच तिने शेवटी मागितले, असे सांगतात. १८०२ च्या सुमारास हे छत्र उभे राहिले आणि गावालाही मुक्तांबापुरम असे नाव मिळाले. ते कागदोपत्री राहिले, लोकांच्या तोंडी ओरत्तनाडूच टिकले. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र म्हणा की हे म्हणा, तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वराच्या वाटेवर बांधलेली बहुतेक छत्रे राजघराण्यातील स्त्रियांच्या नावाने आहेत. इमारत दगडी, ऐसपैस आणि आज बरीच जीर्ण आहे. तिच्या पायथ्याशी दगडात कोरलेले घोडे आणि हत्ती असे जुंपले आहेत की जणू सारी वास्तू हा एक रथ आहे आणि ते तो ओढून नेत आहेत. त्यांना हाकणारा मात्र मला दिसला नाही.

१८०१ साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिले होते. राज्याचा कारभार कंपनीने घेतला, निदान ही छत्रे तरी माझ्याकडे राहू द्यावीत, अशी त्यातील विनंती. ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला येथे अन्न मिळते, असे त्यांनी लिहिले आहे. शिजविलेले अन्न ज्याला चालत नसेल त्याला कोरडा शिधा. आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीला आसरा, तान्ह्या मुलांना दूध, परमुलखातून आलेल्या पोरक्या मुलांना शिक्षक आणि चार दिवसांनी एकदा अंगाला तेल. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, की अजून कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे. हे शेवटचे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या हातातील लेखणी काही क्षण थांबली होती. भाषांतर हा माझा पोटाचा धंदा आहे. पुष्कळ राजेरजवाड्यांची दानपत्रे त्या निमित्ताने नजरेखालून जातात. मध्यरात्रीची घंटा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

म्हाताऱ्याचे घर गावाबाहेर, कालव्याच्या अंगाला होते. दारी चिंच, तिच्या सावलीत पत्र्याचा पडवीवजा मांडव. वादळात पूर्वीचे ताडपत्र्यांचे छप्पर उडाले तेव्हापासून हा पत्रा आला. मांडवात लाकडी ठोकळा, दोन सुऱ्या, एक आरी, पाण्याची घमेली, आणि दोरीवर सुकत टाकलेल्या पिवळट तांबूस वाद्या. म्हातारा अंगाने सुकलेला, पण बोटे अशी की एकेक बोट वेगळे कामाला लावावे. त्याने आम्हांला पाहून मांडीवरचे काम बाजूला ठेवले आणि सुनेला चहा ठेवण्यास सांगितले. मामा उभेच राहिले. मी बाकावर बसले. थोड्या वेळाने तेही बसले, चहा आला तो त्यांनी घेतला. परतीच्या बसमध्ये मला म्हणाले, "साठ वर्षे या जिल्ह्यात काढली, बाई. चांभाराच्या ओट्यावर चहा आज प्यालो." त्यांच्या आवाजात अभिमान नव्हता, संकोच होता, म्हणून ते वाक्य येथे लिहिण्यास मला हरकत वाटत नाही.

तिकडे चाबकाला दोन शब्द आहेत. एक साट्टै, आणि दुसरा सवुक्कु, तो आपल्याच चाबकाचे तमिळ रूप. म्हाताऱ्याने आम्हांला तीन प्रकार दाखविले. पहिला नांगराचा: आखूड काठी, एकेरी वादी. चिखलणीच्या शेतात एक हात नांगरावर असतो आणि बैल जवळ असतात, तेव्हा लांब चाबूक कामाचा नाही. दुसरा गाडीचा, लांब, वेणीचा. तिसरा जाड, जड, पाहताच अंगावर काटा यावा असा. तो जनावरासाठी नव्हेच. करुप्पसामीच्या अंगात येणारे भक्त तो हाती घेतात. आपल्याकडील पोतराजाचा कोरडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. आज त्याची निम्मी गिऱ्हाइके देवाची आणि निम्मी शर्यतीची. शेतकरी गिऱ्हाईक राहिले नाही. नांगर ट्रॅक्टरचा झाला, आणि ट्रॅक्टरला, तो हसून म्हणाला, साट्टै लागत नाही. बोलता बोलता एम. जी. रामचंद्रन यांचा विषय निघाला. १९६५ साली त्यांच्या 'एंग वीट्टु पिळ्ळै' या चित्रपटात त्यांनी हाती चाबूक घेतला. ते दृश्य या भागातील प्रौढ माणसांना अजून तोंडपाठ आहे. त्या वर्षी आपल्या वडिलांकडून पोरेटोरेही चाबूक मागून नेत, अशी आठवण म्हाताऱ्याने सांगितली.

चाबूक कसा होतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. कातडे निवडण्यापासूनच परीक्षा असते. पाठीच्या कण्यालगतचे कातडे घट्ट असते, पोटाचे सैल आणि ताणले जाणारे. पोटाची वादी वेणीत आली की चाबूक महिन्याभरात वाकडा होतो. गाभ्यासाठी तो म्हशीचे कातडे घेतो आणि वरच्या वेणीसाठी शेळीचे, कारण शेळीचे पातळ असूनही चिवट. कातडे झाडपाल्याने कमावलेले हवे. तिकडे पूर्वापार आवारैच्या सालीने कातडी कमावीत; आवारै म्हणजे आपल्या माळरानावरचा तरवड. त्याच्या जोडीला हिरडा. आता बहुतेक कारखान्यांत क्रोमचे क्षार वापरतात. ते काम आठवड्यांऐवजी दिवसांत उरकते आणि बुटांना चांगले, पण वेणीला नाही, असे त्याचे मत. दोहोंतला फरक कसा ओळखावा ते त्याने मला वादी कापून दाखविले. ताज्या कापलेल्या कडेवर आतपर्यंत एकसारखा तपकिरी रंग दिसला तर झाडाचे. आत निळसर करडी रेघ दिसली तर क्रोमचे. चामड्याची कोणतीही वस्तू घेताना वाचकांनी ही खूण ध्यानात ठेवावी. दुकानदारांना ती फारशी आवडणार नाही.

कातड्याचा वाटोळा तुकडा घेऊन तो कडेने कापीत आत आत जातो, जसे आपण संत्र्याचे साल एका सलग पट्टीत काढतो. सुरी हालत नाही. अंगठ्याच्या नखाशी ती टेकलेली असते आणि कातडे तिच्यावर ओढले जाते. रुंदी नखाने मोजली जाते. एका तळहाताएवढ्या तुकड्यातून इतकी लांब वादी निघते की पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. मग प्रत्येक वादीच्या दोन्ही कडा तिरप्या तासावयाच्या, म्हणजे वेणीत त्या एकमेकींवर उंचवटा न करता बसतात. त्यानंतर वेणी. मुठीपाशी आठ पदर, मधल्या भागात सहा, शेवटी चार. कमी होणारे पदर तोडून टाकीत नाहीत. ते गाभ्यात वळवून दडवितात, म्हणून चाबूक क्रमाक्रमाने निमुळता होत जातो आणि कोठेही एकदम बारीक होत नाही. पदर ओलसर असतात, त्यांना चरबी लावलेली असते. वेणी झाली की दोन फळ्यांत धरून ती लाटतात. शेवटी टोकाला सुताचा छोटा गोंडा बांधतात. वेणीचे सारे काम चालू असताना म्हातारा आमच्याकडे पाहून बोलत होता. हाताकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

हे निमुळतेपण केवळ शोभेचे नाही. मनगटाच्या झटक्याने मुठीशी जी लाट उठते ती टोकाकडे धावते. पुढे पुढे वादीचे वजन कमी होत जाते, पण लाटेतील जोर तेवढाच राहू पाहतो, म्हणून वेग वाढतो. टोकाशी तो आवाजाच्या वेगापेक्षाही, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरांपेक्षाही अधिक होतो, आणि जो कडाड ऐकू येतो तो हवेचाच फुटका आवाज असतो. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला की जो गडगडाट होतो त्याच जातीचा. अमेरिकेत १९५८ साली अतिवेगवान छायाचित्रे घेऊन हे पडताळून पाहण्यात आले. २००२ साली गोरिएली व मॅकमिलेन या गणितज्ञांनी आणखी पुढे जाऊन दाखविले की आवाज उठतो तो टोकाचा नव्हे, वादीतून धावत जाणाऱ्या वळशाचा. आपल्या कडब्याच्या माचीवर उभी राहून पाखरे उडविणारी पोरगी गोफणीची एक लडी सोडून देते तेव्हा हेच होते. तिला गणित येत नाही आणि त्यामुळे तिचे काही अडतही नाही.

म्हाताऱ्याने हे एका वाक्यात सांगितले: चाबूक बैलाच्या कानासाठी असतो, कातडीसाठी नसतो.

आता सौद्याची वेळ आली. मी मुकाट्याने वेणीचा एक चाबूक उचलून किंमत विचारली. त्याने किंमत सांगितली नाही. मामांकडे वळून त्याने विचारले, "बैल कोणते?"

खिलार, मी म्हटले. त्याने नाव ऐकले नव्हते. मी माझ्या फोनमधील जुने छायाचित्र दाखविले: वडील, त्यांच्या दोन्ही बाजूंना पांढरी, उंच, मागे वळलेल्या तलवारीसारख्या शिंगांची जोडी. त्याने फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले. त्यांच्याकडचे बैल उंबळाच्चेरी जातीचे. पाय आखूड, अंग भरीव, भाताच्या चिखलासाठीच जणू घडविलेले. वासरे जन्मतः तांबडी आणि सहा महिन्यांनी करडी होणारी. शिंगे तर लहानपणीच काढून टाकण्याची चाल. या उंच जनावरासाठी दांडी वीतभर तरी लांब हवी, तो म्हणाला. मग विचारले, "वय काय?"

मी सांगितले की बैल आता नाहीत.

त्याने चाबूक माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि दोरीवर टांगला. तो जे म्हणाला ते मामांनी मला अर्धेच सांगितले. पुढचे अर्धे मी आग्रह केल्यावर सांगितले. बैलाशिवाय घरात ठेवलेला चाबूक माणसांवर उठतो, असे त्याचे म्हणणे. भिंतीवर लावण्यासाठी शहरातून येणाऱ्यांना तो विकीत नाही. त्यांनी बाजारातला घ्यावा, तोही भिंतीवर तेवढाच दिसतो.

मी वडिलांची हकीकत सांगू लागले. खुंटी, दांडी, दुष्काळ. मामा तमिळमध्ये सांगत होते आणि म्हातारा मान हलवीत होता. मध्येच त्याने एक प्रश्न विचारला, आणि मामा तो मला सांगावयास कचरले. शेवटी म्हणाले, "तो विचारतो, तुझे वडील मारीत होते काय?"

वाचकहो, याचे उत्तर 'नाही' असे देता आले असते. आमच्या गावात वडिलांची ख्याती तीच होती. ते आसूड नुसता हवेत वाजवीत. परंतु मी आठ वर्षांची असतानाचा एक दिवस मला ठाऊक होता. उसाच्या हंगामात ते गाडी घेऊन कृष्णाकाठच्या एका कारखान्यावर जात आणि आम्ही सारे पालात राहत असू. त्या दिवशी गाडी अतोनात भरलेली होती. टोळीच्या मुकादमाची उचल फेडावयाची होती आणि खेपा मोजून होत्या. चढावर डावा बैल गुडघ्यांवर बसला. वडील खाली उतरले. त्यांनी त्याला एकदा, दोनदा, मग किती वेळा ते मी मोजले नाही. बैल उठला. रात्री पालापुढे कंदील ठेवून ते त्याच्या पाठीवरच्या वळांना हळद आणि तेल लावीत बसले होते. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि आईनेही त्यांना ताटावर बोलाविले नाही. त्यानंतर मी त्यांच्याजवळ, किंवा त्यांनी माझ्याजवळ, तो विषय काढलेला नाही.

हे मी मामांना सांगितले. एवढे सांगून होईपर्यंत माझा कंठ दाटून आला होता. मामांनी ते तमिळमध्ये सांगितले ते माझ्या सांगण्यापेक्षा पुष्कळ थोडक्यात. त्यांनी काय गाळले आणि काय ठेवले हे मला आजतागायत कळलेले नाही. दुसऱ्यांच्या मजकुरावर मी रोज हेच करीत असते, पण माझ्या स्वतःच्या मजकुरावर कोणी ते केल्याचा अनुभव मला प्रथमच येत होता.

म्हातारा काही बोलला नाही. त्याने दोरीवरची एक वादी काढली, बोटांत फिरवून पाहिली, परत ठेवली, दुसरी काढली. मग दारात उभ्या असलेल्या नातवाला जवळ बोलावून माझे वडील त्याच्यापेक्षा किती उंच, असे विचारले. मी हाताने दाखविले. तिसऱ्या दिवशी या, तो म्हणाला. ९०० रुपये. घासाघीस करण्याची मला सवय आहे; त्या दिवशी केली नाही.

येथे थोडे विषयांतर करते. जनावराला अनावश्यक मारहाण करणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे पुष्कळांना ऐकून माहीत असते. त्याच कायद्याखाली ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली झालेले नियम मात्र फारच थोड्यांनी वाचले असतील. दिवसात एकंदर नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग पाच तासांनंतर विसावा दिलाच पाहिजे. पारा ३७ अंशांवर गेला असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपावयाचे नाही. खिळ्याच्या काठीला बंदी. या नियमांत बैलाचे तास मोजले आहेत. उचल घेतलेल्या गाडीवानाचे कोणी मोजावयाचे, ते त्यात नाही, आणि चढावर बसलेला बैल बहुधा त्या न मोजलेल्या तासांचाच असतो. शर्यतींचे म्हणाल, तर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबविल्या आणि १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्र, तमिळनाडु व कर्नाटक यांनी केलेल्या कायद्यांना मान्यता दिली. महाराष्ट्राच्या नियमांत शर्यतीत चाबूक वा काठी वापरण्यास मनाई आहे. नियम आहे एवढेच मी म्हणते. शर्यती पाहणाऱ्यांनी पुढचे स्वतः पाहावे.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. चाबूक तयार होता. बांबूची दांडी, मुठीशी कातड्याचे आवरण, तीन फुटांची वेणी. चाबूक कसा पारखावा हे मला त्याने आता खुणांनीच शिकविले. मूठ आडवी धरावयाची आणि वेणी सुटी सोडावयाची: तिची कमान एकसारखी पडली पाहिजे, कोठे मोडल्यासारखी नको. मग टोकाकडून मुठीकडे उलटे बोट फिरवावयाचे. एकही कड बोटाला लागता कामा नये. मला एकही लागली नाही. गोंडा मात्र मी दोरीवरच्या इतर चाबकांना पाहिला तसा नायलॉनचा नव्हता. तो साध्या सुताचा, जाड आणि मऊ होता. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने स्वतःच्या दंडावर गोंडा सपकन मारून दाखविला आणि दंड माझ्यापुढे धरला. त्यावर वळ नव्हता. मग अंगणात जाऊन, माझ्यापासून चांगला दूर उभा राहून, मनगटाचा एकच झटका दिला. चिंचेवरचे कावळे उडाले.

निगा कशी राखावी हेही सांगते, कारण ते कोणत्याही कातडी वस्तूला लागू आहे. खुंटीला लटकवू नये. जेथे वाकतो तेथेच तो तुटतो. सैल वेटोळे करून ठेवावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, एरंडेलाचे बोट फिरवावे, पण जास्त नको, नाहीतर वेणी लोळागोळा होते. भिजला तर सावलीत वाळवावा, उन्हात कधीही नाही.

माणदेशात पोचले तेव्हा संध्याकाळ होती. वडील अंगणात बाजेवर बसले होते. गोठ्यात आता भावाची मोटारसायकल असते. मी कागद सोडून आसूड त्यांच्या मांडीवर ठेवला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी मूठ आडवी धरली, वेणी सोडली आणि कमान पाहिली. मग टोकाकडून मुठीकडे उलटे बोट फिरविले. मी त्यांना यातले काही सांगितलेले नव्हते.

"कितीला पडला?"

मी सांगितले.

"स्वस्त दिला." गोंडा त्यांनी चिमटीत धरून चुरून पाहिला. "सुताचा हाय. पावसात कुजल." थोड्या वेळाने म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सुताचाच बरा."

आईने दिवा लावला. त्यांनी आसूड वाजविला नाही, त्याचे सैल वेटोळे करून उशाशी ठेवले आणि मला विचारले, "त्या म्हाताऱ्याकडं सवताची बैलं हायती का गं?"

ते मी विचारलेच नव्हते.